परक्या पेशीतील मानवी ग्राही

सेरोटोनिनचे मानवी ग्राही प्रथिन ज्या जनुकावरून घडते ते जनुक लेंटिव्हायरसच्या कणांत भरून, ते कण गोठवून, मागणी येईल त्या प्रयोगशाळेकडे रवाना करण्याची सोय आता जगभर झाली आहे. संशोधकाने कुपी वितळवावी, आतील द्राव पेशींवर घालावा, आणि ज्या पेशीने तो ग्राही जन्मात कधी घडवला नव्हता तीच पेशी दोन-चार दिवसांत तो आपल्या पटलावर धारण करू लागलेली पाहावी, इतका हा मामला सुलभ झाला आहे. अशा पेशीची साक्ष औषधशास्त्रात आज पदोपदी काढली जाते. एखादे द्रव्य ह्या ग्राहीस चिकटते की नाही, त्यास उद्दीपित करते की थोपवून धरते, ह्याचा निवाडा बहुधा तिच्याच जबानीवर होतो. ती साक्ष कितपत प्रमाण मानावी, हा प्रस्तुत आढाव्याचा विषय आहे. आणि त्यासंबंधी माझे मत आरंभीच नमूद करणे योग्य होईल. जनुक पेशीत शिरवण्याचा प्रश्न सुटलेला आहे. ते किती प्रमाणात, पेशीच्या कोणत्या भागी आणि आपल्या अनेक रूपांपैकी कोणत्या रूपात वावरते, ह्याचा हिशेब मात्र अद्याप पुष्कळ ठिकाणी मांडलाच जात नाही, आणि जेथे तो मांडला जात नाही तेथे निष्कर्षाची बाजू तेवढी लंगडी राहते.

सेरोटोनिन हे द्रव्य प्रथम मेंदूत सापडले नाही. इटलीत एर्स्पामेर ह्यांनी १९३७ च्या सुमारास आतड्याच्या अस्तरातील पेशींत त्याचा माग काढून त्यास एन्टेरामीन असे नाव दिले. अमेरिकेत क्लीव्हलँड येथे रॅपोर्ट, ग्रीन आणि पेज ह्या तिघांनी १९४८ मध्ये बैलाच्या रक्तद्रवातून रक्तवाहिन्या आकुंचित करणारे एक द्रव्य वेगळे काढले. आणि दोन्ही द्रव्ये एकच असल्याची खातरजमा त्यानंतर काही वर्षांनी झाली. १९५३ मध्ये बेटी ट्वारोग आणि पेज ह्यांना ते सस्तन प्राण्यांच्या मेंदूतही आढळले, आणि तेथून मनोव्यापारांशी त्याचा संबंध जोडण्याच्या उद्योगास आरंभ झाला. ह्या उद्योगाचा एक धागा मुंबईतून जातो, हे मराठी वाचकाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. डॉ. रुस्तम जाल वकील ह्यांनी सर्पगंधेच्या मुळीचा उच्च रक्तदाबावर होणारा परिणाम १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सविस्तर मांडला. पुढे १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या रसायनज्ञांनी त्या मुळीतून रेसर्पिन शुद्ध स्वरूपात मिळवले. आणि रेसर्पिन दिल्यावर शरीरातील सेरोटोनिनचा साठा रिकामा होतो, असे १९५५ मध्ये प्लेचर, शोर आणि ब्रोडी ह्यांनी दाखवून दिले. रक्तदाबाच्या एका देशी औषधाने मेंदूच्या रसायनाचा दरवाजा किलकिला केला तो असा.

एकच द्रव्य आतडे हलवते, रक्तवाहिनी आवळते आणि मनाची अवस्थाही पालटते, तेव्हा त्यास ओळखणारे ग्राही अनेक असले पाहिजेत हे उघड होते. १९५७ मध्ये गॅडम आणि पिकारेली ह्यांनी गिनीपिगच्या आतड्यावर प्रयोग करून दोन प्रकार वेगळे केले. १९७९ मध्ये पेरूटका आणि स्नायडर ह्यांनी किरणोत्सर्गी द्रव्यांच्या साहाय्याने मेंदूच्या पटलांत आणखी एक विभागणी केली. तथापि ऊतकावरील प्रयोगात अनेक ग्राही एकाच वेळी बोलत असल्यामुळे कोणता आवाज कोणाचा हे ठरवणे दुर्घट होते. ही अडचण दूर झाली ती जनुके हाती आल्यावर. १९८७ मध्ये ड्यूक विद्यापीठात लेफ्कोवित्झ ह्यांच्या प्रयोगशाळेत कोबिल्का प्रभृतींना एक अनोळखी जनुक सापडले. त्याचे साम्य अ‍ॅड्रेनलिनच्या ग्राहीशी होते, परंतु ते प्रत्यक्षात कोणाचे हे कळेना. पुढल्याच वर्षी फार्जिन आणि सहकाऱ्यांनी ते माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत घालून, त्या पेशींवर निरनिराळी द्रव्ये पारखून पाहिली आणि ते सेरोटोनिनच्या १ए ग्राहीचे जनुक असल्याचे सिद्ध केले. जनुकाची ओळख परक्या पेशीत त्यास बोलते करून पटवायची, ही पद्धत येथून रूढ झाली. आज मानवात ह्या ग्राहींची सात कुळे ओळखली जातात. त्यांपैकी तिसरे कूळ आयनांना वाट देणाऱ्या मार्गिकेचे असून बाकीची सर्व जी-प्रथिनांमार्फत आपला संदेश आत पोचवतात.

जनुक मानवाचेच का हवे, उंदराचे का चालू नये, ह्या प्रश्नाचे उत्तर १बी ग्राहीने फार स्पष्टपणे दिले आहे. मानवाचा आणि उंदराचा १बी ग्राही नव्वद टक्क्यांहून अधिक अंशी एकसारखा. तरी काही औषधे एकास घट्ट चिकटत आणि दुसऱ्याकडे ढुंकूनही पाहत नसत, इतके की हे दोन निराळेच ग्राही होत असा समज काही काळ प्रचलित होता. १९९२ मध्ये ऑक्सेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी मानवी प्रथिनातील ३५५ व्या स्थानावरील थ्रिओनिन काढून तेथे उंदराप्रमाणे अस्पॅराजिन बसवले, आणि त्या एका अमिनो आम्लाच्या फेरबदलाने मानवी ग्राहीचे औषधविषयक वर्तन जवळजवळ उंदराचे झाले. ज्यास मानवासाठी औषध शोधावयाचे आहे त्याने केवळ उंदरावर भिस्त ठेवणे किती धोक्याचे आहे, ह्याचा याहून बोलका दाखला मला ठाऊक नाही.

दुसरे प्रकरण औषधशास्त्राच्या विवेकाशी निगडित आहे. वजन घटवण्यासाठी लाखो लोकांना दिल्या गेलेल्या फेनफ्लुरामिन ह्या औषधामुळे हृदयाच्या झडपा जाड होऊन निकामी होतात, अशी शंका १९९७ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या वैद्यांनी २४ स्त्रियांच्या तपासणीवरून जाहीर केली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ते औषध तेथील बाजारातून मागे घेण्यात आले. दोष कोठे होता हे २००० मध्ये उलगडले. कृत्रिमरीत्या मानवी ग्राही धारण करणाऱ्या पेशींच्या वेगवेगळ्या संवर्धनांवर हे औषध आणि शरीरात त्यापासून निर्माण होणारे नॉरफेनफ्लुरामिन तपासले असता, नॉरफेनफ्लुरामिन हे झडपांतील पेशींवर असणाऱ्या २बी ग्राहीस जोमाने उद्दीपित करते असे दिसून आले. तेव्हापासून नवे औषध २बी ग्राहीवर पारखून घेण्याचा शिरस्ता पडला. ही पारख आधी झाली असती तर किती हृदये वाचली असती, हा विचार मन विषण्ण करतो. हेच फेनफ्लुरामिन २०२० मध्ये बालकांच्या एका दुर्धर अपस्मारासाठी, अल्प मात्रेत आणि हृदयाच्या नियमित तपासणीच्या अटीवर, पुन्हा मंजूर झाले, ह्यावरून ग्राहीचे नेमके ज्ञान केवळ मनाई करण्यासाठी नसते हेही ध्यानी येते.

आता लेंटिव्हायरसकडे वळू. परक्या पेशीत जनुक घालण्याचे जुने उपाय दोन प्रकारे अपुरे होते. रसायनांच्या साहाय्याने घातलेला डीएनए बहुतेक पेशींत काही दिवस राहून विरून जाई. आणि ज्या पेशींत सेरोटोनिनचे खरे कार्य चालते त्या चेतापेशी तर असा डीएनए सहजासहजी स्वीकारीतच नसत. जनुकाचा गुणसूत्रात कायम बंदोबस्त करणारे जुने रेट्रोव्हायरस उपलब्ध होते, परंतु ते विभाजन पावणाऱ्या पेशींतच रुजत, आणि प्रौढ चेतापेशी विभाजन पावत नाहीत. एड्सला कारणीभूत होणाऱ्या एचआयव्हीची गोष्ट निराळी. त्याचा आतील गाभा केंद्रकाच्या द्वारातून आत शिरू शकतो, त्यामुळे पेशी विभाजनासाठी थांबण्याची त्यास गरज पडत नाही. ज्या गुणामुळे तो विषाणू मानवास इतका घातक ठरला तोच गुण संशोधकांनी हेरला. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातील सॉल्क संस्थेत नाल्दिनी, भारतीय वंशाचे इंदर वर्मा, त्रोनो आणि गेज प्रभृतींनी एचआयव्हीपासून घडवलेल्या वाहकाने प्रौढ उंदराच्या मेंदूतील चेतापेशींत जनुक रुजवून दाखवले. ह्या क्षेत्राचा पाया तो निबंध होय.

त्यानंतरची वर्षे विषाणूची धार बोथट करण्यात गेली. नऊ जनुकांपैकी रोगास साहाय्यभूत होणारी जनुके एकेक करून गाळण्यात आली. १९९८ मध्ये तयार झालेल्या तिसऱ्या पिढीत गॅग, पोल आणि रेव्ह एवढीच शिल्लक राहिली, आणि तीही एका प्लाझ्मिडवर न ठेवता वेगवेगळ्या प्लाझ्मिडांवर विभागण्यात आली, जेणेकरून ती चुकून पुन्हा एकत्र येऊन पूर्ण विषाणू उभा राहण्याचा संभव अत्यल्प व्हावा. शिवाय वाहकाच्या टोकाकडील सुमारे ४०० अक्षरे छाटल्यामुळे, गुणसूत्रात बसल्यावर त्याचा स्वतःचा प्रवर्तक निष्प्रभ होतो आणि आत नेलेल्या जनुकावर संशोधकाने निवडलेल्या प्रवर्तकाचाच अंमल चालतो. एचआयव्हीचे मूळ आवरणही बदलण्यात आले. त्याऐवजी गुराढोरांच्या एका रोगाच्या विषाणूचे आवरण-प्रथिन चढवले जाते, आणि ते ज्या ग्राहीस धरून आत शिरते तो बहुतेक साऱ्या सस्तन पेशींवर असल्यामुळे कणास जवळजवळ सर्वत्र प्रवेश मिळतो.

प्रत्यक्ष कृती कशी चालते हे थोडे जवळून पाहणे इष्ट. मानवी भ्रूणाच्या मूत्रपिंडापासून १९७३ मध्ये लायडन येथे तयार झालेल्या २९३ ह्या पेशीवंशाचा एक प्रकार बशीत वाढवून त्यात चार प्लाझ्मिडे एकदम घातली जातात. ४८ ते ७२ तासांत त्या पेशी सुमारे १०० नॅनोमीटर व्यासाचे कण भोवतालच्या द्रवात सोडू लागतात. तो गुलाबी द्रव काढून, गाळून, अतिवेगाने फिरवून संहत करतात आणि लहान लहान भागांत उणे ८० अंशांवर ठेवतात, कारण प्रत्येक वेळी गोठवून वितळवण्यात कणांची काही शक्ती नाहीशी होते. किती कण झाले हे मोजण्याच्या दोन तऱ्हा आहेत. पी२४ ह्या प्रथिनाची मोजणी सर्व कणांची, निकामी कणांसह, संख्या देते. पेशींत प्रत्यक्ष किती ठिकाणी जनुक रुजले ह्याची मोजणी कार्यक्षम कणांची संख्या देते. ह्या दोन आकड्यांत पुष्कळ अंतर असते, आणि कुपीवर यांपैकी कोणता आकडा छापला आहे हे न पाहता प्रयोगास बसणाऱ्याचा हिशेब पहिल्याच पायरीवर चुकतो.

पुढचे गणितही तितकेच महत्त्वाचे. जितक्या पेशी तितकेच कार्यक्षम कण घातले तर प्रत्येक पेशीस एकेक कण मिळेल असे नवख्यास वाटते. परंतु कण यदृच्छेने विखुरतात, त्यामुळे सुमारे ३७ टक्के पेशी कोऱ्याच राहतात आणि उरलेल्यांपैकी पुष्कळांत दोन, तीन किंवा अधिक प्रती शिरतात. दहा पेशींमागे तीन कण असे प्रमाण ठेवले तर केवळ २६ टक्के पेशींत जनुक रुजते, परंतु त्यांतील सुमारे ८६ टक्क्यांत एकच प्रत असते. बाकीच्या कोऱ्या पेशी प्युरोमायसिनसारख्या औषधाने मारून टाकता येतात. ज्यास ग्राहीच्या संख्येवर ताबा हवा त्याने हा दुसरा, अधिक संयमाचा मार्ग धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु भरपूर कण घालून झटपट झळाळणारी पेशी मिळवण्याचा मोह मोठा असतो.

हा मोह अनर्थास कारण होतो. मेंदूच्या ऊतकात ज्या ग्राहीची घनता फेम्टोमोलमध्ये मोजली जाते तोच ग्राही अशा पेशीत पिकोमोलमध्ये, म्हणजे हजारपट मोठ्या एककात, मोजण्याची पाळी येऊ शकते. ग्राही इतके उदंड झाले की त्यांतील थोडे उद्दीपित होऊनही पेशीचा प्रतिसाद शिगेस पोचतो, आणि मग जे औषध वस्तुतः अर्धवट उद्दीपक आहे ते पूर्ण उद्दीपक भासू लागते. २सी सारखा ग्राही, जो सेरोटोनिनवाचूनही थोडाफार जागा असतो, तो गर्दीत स्वतःहून मोठ्याने बोलू लागतो. अशा पेशीवरून काढलेले अनुमान मानवी मेंदूस लावणे म्हणजे शितावरून भाताची परीक्षा करणे खरे. परंतु ते शीत त्याच भाताचे आहे की नाही हे आधी पाहिले पाहिजे.

संवर्धनद्रव्याचा प्रश्न अनेकांच्या लक्षात येत नाही. पेशी वाढवण्यासाठी द्रवात वासराच्या भ्रूणाचा रक्तद्रव मिसळण्याची प्रथा आहे. आणि सेरोटोनिन प्रथम शुद्ध स्वरूपात मिळाले ते रक्तद्रवातूनच. म्हणजे ज्या ग्राहीची परीक्षा घ्यावयाची त्यावर परीक्षेपूर्वीच सेरोटोनिनचा मारा चालू असतो, आणि ग्राही त्यामुळे मंद होतो किंवा पटलावरून आत ओढला जातो. म्हणून जाणकार लोक अपोहन करून लहान रेणू काढून टाकलेला रक्तद्रव वापरतात. ही बाब कागदावर एका ओळीची. परंतु ती ओळ निबंधात नसेल तर त्यातील आकड्यांची रुजवात दुसऱ्या कोणास घालता येत नाही.

ग्राही कोठे बसतो हाही मुद्दा कमी मोलाचा नाही. २ए ग्राहीच्या शेपटीचे अखेरचे काही दुवे चेतापेशीतील पीएसडी-९५ सारख्या प्रथिनांना धरून राहतात आणि ग्राहीस योग्य जागी पोचवण्यात त्यांचा भाग असतो. ग्राही सूक्ष्मदर्शकाखाली दिसावा म्हणून त्याच शेपटीस हिरवे चमकणारे प्रथिन जोडण्याची रीत आहे. जोडणीबरोबर ती पकड झाकली जाते. दिसतो तो ग्राही, परंतु त्याच्या हालचाली त्याच्या स्वतःच्या राहत नाहीत. खूण दुसऱ्या टोकास लावावी, किंवा लहान ठेवावी, आणि बिनखुणेच्या ग्राहीशी तिची तुलना करून दाखवावी. पटलाची घडणही ग्राहीवर परिणाम करते. हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवविज्ञान केंद्रात अमिताभ चट्टोपाध्याय ह्यांनी १ए ग्राहीवर दीर्घकाळ केलेल्या कामातून असे निष्पन्न झाले आहे की, पटलातील कोलेस्टेरॉल काढून घेतले असता हा ग्राही आपल्या द्रव्यास पूर्वीइतका धरत नाही. म्हणजे तेच जनुक दोन जातींच्या पेशींत घातले तर उत्तर एकच येईल असे गृहीत धरता येत नाही.

सर्वांत खोल अडचण २सी ग्राहीची आहे. १९९७ मध्ये असे उघडकीस आले की, ह्या ग्राहीचा आरएनए तयार झाल्यानंतर पेशी त्यातील काही अक्षरे स्वतःच बदलते. बदलाच्या जागा पाच. त्यांच्या निरनिराळ्या मेळांतून प्रथिनाची २४ रूपे संभवतात, आणि पूर्ण बदललेले रूप मूळ रूपाहून जी-प्रथिनाशी पुष्कळच मंदपणे जोडले जाते. मेंदूत ही रूपे एकत्र नांदतात आणि त्यांचे प्रमाण ठिकाणागणिक पालटते. परंतु लेंटिव्हायरसच्या कणात जे जनुक भरतात ते काटछाट झालेल्या आरएनएवरून उतरवलेले असते. अक्षरबदल घडवून आणण्यासाठी ज्या मधल्या तुकड्याची जरुरी असते तो त्यात नसतोच. सबब पेशीला आपले काम करण्यास वाव राहत नाही आणि कणात जे रूप घातले तेवढे एकच प्रकट होते. कोणते घातले, हे सांगण्याची जबाबदारी संशोधकाची. आणि नुसते ‘मानवी २सी ग्राही’ असे म्हटल्याने ती पार पडत नाही.

इतक्या उणिवा सांगितल्यावर ह्या पद्धतीने काय मिळवून दिले हेही मोकळ्या मनाने सांगितले पाहिजे. जेसी नावाचा विषाणू दुबळ्या प्रतिकारशक्तीच्या रुग्णांत मेंदूचा श्वेतभाग नष्ट करतो. तो पेशीत कसा शिरतो हे अज्ञात होते. २००४ मध्ये ब्राउन विद्यापीठातील अ‍ॅटवुड ह्यांच्या गटाने, ज्या हेला पेशींत २ए ग्राही नसतो त्यांत त्याचे जनुक घातले, आणि पूर्वी दाद न देणाऱ्या त्या पेशींत जेसी विषाणूचा शिरकाव झाला. ग्राहीविरुद्धच्या प्रतिपिंडाने तो पुन्हा थांबला. तेथे जनुक घालण्याचे साधन साधेच होते, परंतु ग्राही नसलेल्या पेशीत तो निर्माण करून काय बदलते ते पाहणे हे तर्कशास्त्र तेच, आणि लेंटिव्हायरसने ते चेतापेशींपर्यंत नेले. २०२१ मध्ये २ए आणि २सी ह्या ग्राहींच्याच चौकटीत प्रकाशमान प्रथिन गुंफून, सेरोटोनिन जवळ आले की उजळणारे संवेदक तयार झाले. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात मित्रदास पणिक्कर ह्यांच्या गटाने २९३ पेशींत २ए ग्राही घालून तो सेरोटोनिनमुळे आत ओढला जातो आणि पुन्हा पृष्ठभागी येतो ह्याचा मागोवा घेतला. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य ह्यांच्या गटाने २०१९ मध्ये दाखवले की, सेरोटोनिन २ए ग्राहीमार्फत मेंदूच्या बाह्यकातील चेतापेशींत नवे मायटोकाँड्रिया निर्माण करवते. परक्या पेशीत जे कळते त्याची अशी घरच्या पेशीत फेरतपासणी झाली म्हणजेच ज्ञान पक्के होते.

लेंटिव्हायरसला प्रतिस्पर्धी नाहीत असे नाही. जिवंत प्राण्याच्या मेंदूत जनुक दूरवर पसरवायचे असेल तर अ‍ॅडिनो-असोसिएटेड विषाणू अधिक सोयीचा, आणि ह्या ग्राहींची जनुके सुमारे दीड हजार अक्षरांची असल्याने त्याच्या ४,७०० अक्षरांच्या मर्यादेत ती सहज मावतात. लेंटिव्हायरस टोचल्या जागेच्या आसपासच राहतो. ग्राही त्याच्या मूळ प्रवर्तकाखाली, मूळ प्रमाणात पाहावयाचा असेल तर क्रिस्परने मूळ जनुकासच खूण जोडणे उत्तम. कायम टिकणारा पेशीवंश हवा असता मात्र लेंटिव्हायरसची बरोबरी करणारे साधन थोडेच. आणि त्याची उपयुक्तता ग्राहींपुरती मर्यादितही नाही. मुंबईत पवईच्या आयआयटीत आणि टाटा स्मारक रुग्णालयात विकसित होऊन ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळालेल्या रक्तकर्करोगावरील नेक्सकार१९ ह्या उपचारात रुग्णाच्या पांढऱ्या पेशींत जनुक घालण्याचे काम लेंटिव्हायरसच करतो.

सुरक्षिततेचा विचार येथे संक्षेपाने करतो. हे कण स्वतः वाढू शकत नसले तरी मानवी पेशीत जनुक कायमचे बसवू शकतात, आणि ते बसतात बहुधा चालू जनुकांच्याच वस्तीत. म्हणून दुसऱ्या स्तराची जैवसुरक्षा, हातमोजे, सुईचा वापर शक्य तो टाळणे आणि प्रत्येक द्रवाचे निर्जंतुकीकरण ह्यांत सवलत नाही. आपल्याकडे १९८९ च्या नियमांन्वये संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडे अशा कामाची नोंद होणे आवश्यक आहे, आणि तो केवळ कागदी उपचार समजू नये.

माझी एक तजवीज आहे. मानवी सेरोटोनिन-ग्राहींचे पेशीवंश आपल्या देशात ठिकठिकाणी तयार होतात आणि त्या त्या प्रयोगशाळेचे काम संपले की बहुधा तेथेच संपतात. दुसऱ्यास ते पुन्हा पहिल्यापासून करावे लागतात. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात पेशीवंशांचे राष्ट्रीय भांडार आहे आणि तेथून देशभरच्या संशोधकांना पेशी पुरवल्या जातात. त्या भांडारात प्रत्येक ग्राहीचे निदान दोन वंश असावेत, एक अल्प घनतेचा आणि एक अधिक घनतेचा. आणि प्रत्येकासोबत गुणसूत्रातील प्रतींची संख्या, प्रति मिलिग्रॅम प्रथिनामागे ग्राहीची मोजलेली घनता, प्रवर्तकाचे नाव, खुणेची जागा, वापरलेला रक्तद्रव, आणि २सी असेल तर त्याचे नेमके रूप, एवढा तपशील लिहिलेला दाखला जोडलेला असावा. कामास हात घालायचा तर २बी पासून घालावा, कारण झडपांच्या रोगाची परीक्षा नव्या औषधांची घेण्याचा शिरस्ताच पडला आहे, आणि त्या परीक्षेची पेशी आपल्या घरची, मोजलेली आणि सर्वांस खुली असली पाहिजे.